पाय चोळण्याआधी पाय तपासा : आष्टेकरांना जाहीर आवाहन

आष्टा शहर आणि भोवतालच्या मळ्या-वस्त्यांवरील ग्रामस्थ बंधू-भगिनींनो,

साठी उलटली की पाय कुरकुरू लागतात. पोटऱ्या भरून येतात, संध्याकाळी घोटे सुजतात, निळ्या शिरा गाठाळून वर दिसतात. मग घरात ठरलेलं वाक्य येतं, ‘रक्त खेळंना झालंय, जरा चोळून घ्या.’ तालमींच्या या मुलखात चोळणाऱ्या हातांची वाण नाही आणि त्या हातांची आम्हाला कदरच आहे. पण दुखणाऱ्या प्रत्येक पायाचं दुखणं एक नसतं.

चालताना ठरावीक अंतरावर पोटरी धरते, थांबलं की दोन-चार मिनिटांत सुटते, पाऊल गार लागतं, बोटाची जखम भरत नाही. असं असेल तर धमनी अरुंद झाल्याची शंका घ्यावी. तेलाने ती उघडत नाही. तिथे मोठा इलाज चालण्याचाच, आणि तो फुकट आहे. पोटरी दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, दुखणं गेलं की पुन्हा चालायचं. अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून निदान तीनदा, असं सलग तीन महिने. अर्थात हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारून. सोबत तंबाखू सुटली पाहिजे, आणि आयाबायांनो, मिश्रीही तंबाखूच. डबी कनवटीला ठेवून पायाला मालीश करवणं म्हणजे टाकीला भोक ठेवून मोटर चालू करणं.

फुगलेल्या शिरांचं वेगळं. त्यांच्यातल्या झडपा सैल पडतात आणि रक्त खाली साचतं. ते वर ढकलणारा पंप म्हणजे आपली पोटरी. म्हणून भिंतीला धरून टाचा वर-खाली करा, दिवसातून दोन-तीनदा पाय उशीवर उंच ठेवून पडा. हलका हात घोट्याकडून गुडघ्याकडे फिरवला तर सूज उतरायला मदत होते, पण फुगीर शिरेवर जोर नको. घट्ट मोजे तपासणीशिवाय घालू नका. धमनीचा रक्तपुरवठा आधीच कमी असेल तर तेच मोजे पायाच्या जिवावर उठतात.

साखर असलेल्यांनी गरम पाण्याच्या बादलीपासून लांब राहावं. बधिर पावलाला चटका कळत नाही, फोड दिसतो तो दुसऱ्या दिवशी. काशाच्या वाटीने तळवे घासले की आराम वाटतो, झोपही लागते. जखम नसेल तर खुशाल घासा, पण औषधाच्या गोळ्या बंद करून नव्हे. जळू लावायची असेल तर जाणत्या वैद्याकडूनच. तिच्या लाळेने रक्त गोठायचं थांबतं. त्यामुळे रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते वैद्यांना आधी सांगा. आपल्या आष्ट्यातच अण्णासाहेब डांगे आयुर्वेद महाविद्यालय आहे, तेव्हा बाजारात जळवांची बरणी घेऊन बसणाऱ्यापुढे पाय पसरायचं कारण नाही.

दोन वेळा मात्र तेल, शेक, वाफ काहीही नको. एकच पाय अचानक सुजून गरम झाला, दुखू लागला तर आत रक्ताची गुठळी असू शकते. चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. आणि पाय एकाएकी गार, पांढरा, बधिर पडला तर हाती काही तासच असतात. अशा वेळी १०८ ला फोन करा, सांगली-मिरज गाठा. सकाळपर्यंत वाट पाहू नका.

घरातल्या कर्त्या मुला-सुनांना आमचं सांगणं एवढंच, की येत्या सुट्टीच्या दिवशी आई-वडिलांचे पाय उजेडात नीट पाहा, बोटांच्या बेचक्यांसकट. शंका आली तर दंडाचा आणि घोट्याचा रक्तदाब डॉक्टरांकडून मोजून घ्या. घोट्याचा दाब दंडाच्या दाबाच्या ०.९ पटीहून कमी भरला तर धमनीत अडथळा असतो. या तपासणीला सुईसुद्धा टोचावी लागत नाही.

आणि मालीश करणाऱ्या मंडळींना हात जोडून विनंती : बाटली उघडण्याआधी दोन्ही पाय शेजारी ठेवून बघा. एकच सुजलेला दिसला, तर त्या दिवसाच्या पैशावर पाणी सोडा आणि माणसाला दवाखान्यात पाठवा.

आपले,
आष्ट्यातील काही ग्रामस्थ