अँजिओप्लास्टी करताना डॉक्टरांना आतली नळी दिसते कशी? परळीच्या पेशंटने काय लक्षात ठेवायचं?

मनगटातल्या किंवा जांघेतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी, म्हणजे कॅथेटर, थेट हृदयापर्यंत नेतात. छाती न उघडता ती नेमकी कुठे पोहोचली, हे कसं कळतं?

खूण काय करते?

प्लास्टिकची नळी एक्स-रेमध्ये जेमतेम दिसते. म्हणून फुग्याच्या कॅथेटरवर प्लॅटिनम-इरिडियमसारख्या जड धातूची बारीक कडी बसवलेली असतात. धातू एक्स-रे अडवतो, त्यामुळे पडद्यावर ठिपके उमटतात. रक्तात सोडलेल्या औषधामुळे अडथळ्याची जागा दिसते. ठिपके तिथे जुळले की फुगा फुगवतात. बायोप्सीच्या काही सुयांच्या टोकावर बारीक खाचा असतात. त्या ध्वनिलहरी परत फेकतात आणि टोक सोनोग्राफीत उठून दिसतं. काही कॅथेटरमध्ये तर चुंबकीय क्षेत्रातून जागा सांगणारी सूक्ष्म कॉइलही असते.

मग अडचण कुठे आहे?

हृदयातली खूण पाहायला कॅथ लॅब लागते, आणि तिथे चोवीस तास तयार असलेली टीमही. परळी वैजनाथहून अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुमारे 25 किलोमीटरवर आहे, तर लातूर साधारण 60 किलोमीटरवर. रस्त्यात तास-सव्वा तास गेला, पुढे टीम जमायची, तयारी व्हायची. मोठ्या हार्ट अटॅकमध्ये तोवर हृदयाचे स्नायू मरत असतात.

वेळेचं गणित

जागतिक मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की, अटॅकचं निदान झाल्यापासून दोन तासांत अँजिओप्लास्टी होण्यासारखी नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लगेच द्यावं आणि मग पेशंटला कॅथ लॅबकडे हलवावं. हे इंजेक्शन प्रत्येकाला चालत नाही. निर्णय डॉक्टरच घेतात. पण त्यासाठी आधी ईसीजी निघायला हवा.

म्हणून छातीत दुखायला लागलं की 'गॅस असेल' म्हणून थांबू नका. 108 ला फोन करा. ईसीजी आणि इंजेक्शनची सोय असलेलं जवळचं रुग्णालय आधी गाठा, थेट मोठ्या शहराचा रस्ता धरू नका. रात्री कॅथ लॅब कुठे सुरू असते आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना कुठे लागू आहे, हे घरात कुणी आजारी नसतानाच विचारून ठेवा.

धातूची खूण डॉक्टरांना जागा दाखवते. पेशंट तिथवर वेळेत पोहोचणं मात्र गावातच ठरतं.