मत द्यावे, पण मत असू नये!

मराठीत ‘मत’ या एका शब्दाला दोन अर्थ आहेत. एक मत पेटीत टाकायचे असते, दुसरे मनाशी बाळगायचे आणि निर्भयपणे बोलून दाखवायचे असते. १९८९ साली ६१ व्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले आणि पहिला अर्थ विद्यार्थ्याच्या पदरात पडला. दुसरा अर्थ त्याने उच्चारू नये, असा मात्र शासनाचा व शिक्षणसंस्थांचा आग्रह दिसतो. सरकार निवडण्याइतका जो शहाणा, तो त्याच सरकारविषयी बोलू लागताच अजाण कसा ठरतो?

मे २०२५ मध्ये पुण्यात घडलेला प्रकार पाहावा. भारत-पाकिस्तान संघर्षाच्या दिवसांत अभियांत्रिकीच्या एका १९ वर्षांच्या विद्यार्थिनीने सरकारवर टीका करणारा, दुसऱ्याच कोणी लिहिलेला मजकूर समाजमाध्यमावर पुढे पाठवला. दोन तासांत तिने तो काढून टाकला, क्षमाही मागितली. तरी पोलिसांनी तिला अटक केली आणि महाविद्यालयाने तिची बाजू ऐकून न घेताच तिला काढून टाकले. २७ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तिला जामीन दिला, महाविद्यालयाचा आदेश स्थगित केला आणि परीक्षेची वाट मोकळी केली. तोवर दोन पेपर बुडाले होते.

यावर काही सुज्ञ म्हणतील की युद्धकाळात असे बोलणे शोभते काय? तो मजकूर आपल्यालाही न पटणारा असेल. परंतु चुकीच्या मताला उत्तर युक्तिवादाने द्यायचे असते. बेडी घातल्याने मत चूक की बरोबर हे ठरत नाही. शिवाय युद्ध हे निमित्तच असते. नोव्हेंबर २०१२ मध्ये कोणते युद्ध होते? मुंबई बंद का, एवढाच प्रश्न विचारल्याबद्दल पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. ज्या ‘६६ अ’ कलमाचा तेव्हा वापर झाला, ते सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली रद्द केले.

संस्थाचालकांचा हा रोग जुना आहे. १९०५ साली परदेशी कापडाच्या होळीबद्दल फर्ग्युसन महाविद्यालयाने सावरकरांना १० रुपये दंड करून वसतिगृहाबाहेर काढले. त्यांच्या पुढील राजकारणाशी समाजवाद्यांचा उभा दावा आहे. पण ती शिक्षा अन्याय्यच होती आणि ‘केसरी’ने तिचा निषेध केला तो योग्यच होता. तत्त्व माणूस पाहून बदलत नसते.

अर्थशास्त्राचा अध्यापक या नात्याने मला या व्यवहारातली लबाडी विशेष खुपते. शुल्क घेताना विद्यार्थी ग्राहक असतो; तोंड उघडले की तो एकदम पाल्य होतो. दोन्हीपैकी नागरिक मात्र तो कधीच नसतो. आमच्या फणसवाडीतल्या चाळींच्या गॅलऱ्यांत ही मुले ज्या गोष्टींवर तावातावाने बोलतात त्या तरी कोणत्या? लोकलची गर्दी, वाढते शुल्क, पुनर्विकासात जाणारी खोली, रखडलेला निकाल. ज्याच्यावर निर्णयाचा भार पडतो त्यालाच त्याचे दोष आधी कळतात. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने पुरेशा तयारीविना उत्तरपत्रिकांची संगणकीय तपासणी अंगीकारली, निकाल महिनोन्‌महिने लांबले आणि अखेर कुलगुरूंना पद गमवावे लागले. त्या घोटाळ्याची किंमत विद्यार्थ्यांनी मोजली. त्या निर्णयात त्यांच्या निर्वाचित प्रतिनिधींचा आवाज नव्हता.

असणार कसा? १९९४ च्या कायद्याने महाविद्यालयांतील थेट निवडणुका संपवल्या. हिंसाचाराचे कारण खरे होते. पण गुंडांना शासन करण्याऐवजी लोकशाहीलाच शिक्षा झाली. २०१६ च्या कायद्याने त्या निवडणुकांना पुन्हा जागा दिली. २०१९ साली त्या घेण्याचे ठरले आणि विधानसभा निवडणुकीचे कारण पुढे करून लांबणीवर टाकण्यात आल्या. मोठ्यांच्या निवडणुकीसाठी धाकट्यांची निवडणूक अडली!

साथींनो, मतदारयादीत नाव नोंदवण्यासाठी या मुलांच्या दारी सगळेच पक्ष जातात, आपणही जातो. ज्या रात्री त्यांच्यापैकी एखाद्याला मतासाठी पोलीस ठाण्यात बसवले जाईल, त्या रात्री वकील घेऊन तेथे कोण जातो, यावर आपली पारख होईल. त्याचे मत आपल्याविरुद्ध असेल, तरीही गेले पाहिजे. किंबहुना, तेव्हा तर गेलेच पाहिजे.