देवाला शिदोरी, साउंडवाल्याला काय?

अनंत चतुर्दशी जवळ आली की ध्वनिवर्धकांच्या भिंतींविषयीचा वाद वृत्तपत्रांतून नव्याने सुरू होतो. हा वाद अनाठायी आहे असे कोणी म्हणू नये. २००० साली केंद्र शासनाने ध्वनिप्रदूषणाचे नियम केले आणि निवासी भागासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिवर्धक बंद ठेवण्याचा दंडक त्याच नियमांत आहे. सणासुदीसाठी वर्षातून फार तर पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्यांस मिळालेला आहे. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने या निर्बंधांस भक्कम आधार दिला. पुढे २०२५ साली महाराष्ट्र शासनाने सार्वजनिक गणेशोत्सवास राज्य महोत्सवाचा दर्जा दिला, आणि महोत्सवाचा नाद कसा असावा या प्रश्नाला पुन्हा धार आली.

प्रस्तुत लेखकाचा डीजेच्या नादास विरोध आहे, आणि तो येथे लपवून ठेवण्याचे कारण नाही. ज्याची हयात झांज, तंबोरा आणि मृदंगाच्या सान्निध्यात गेली, त्याला छातीचे ठोके चुकविणारा तो बेस रुचावा कसा? परंतु नादाचा निषेध करणे निराळे आणि तो नाद निर्माण करणाऱ्या माणसाच्या पोटाकडे पाठ फिरविणे निराळे. या दोहोंची गल्लत आपण भाविक मंडळी फार सहजपणे करतो. आपल्याच मंडळाने, आपल्याच वर्गणीतून, त्या माणसास बोलावून घेतलेले असते. आणि एकदा तो आला की तो जणू त्या यंत्राचाच एक भाग आहे, असे आपण त्याच्याशी वागतो.

पुण्याची विसर्जन मिरवणूक हे याचे सर्वांत ठळक उदाहरण होय. सकाळी मानाच्या गणपतींनी मिरवणूक सुरू होते आणि अलीकडच्या वर्षांत ती अठ्ठावीस-तीस तास, क्वचित त्याहूनही अधिक, चालते. मानाचे पाच गणपती पहिल्या दिवशीच मार्गस्थ होतात. मागे उरतात ती लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता, कुमठेकर रस्ता यांवर रांगेत उभी राहिलेली मंडळे, आणि त्यांपैकी अनेकांच्या पुढे साउंडची गाडी असते. ही गाडी मिरवणुकीच्या वेळेला येत नाही. मालमोटारीवर टॉप आणि बेस रचणे, साखळदंड आणि पट्टे आवळणे, वायरी ओढणे, जनरेटर चढविणे, यासाठी आदली रात्र जाते. म्हणजे प्रेक्षकाला जी मिरवणूक तीस तासांची दिसते, ती गाडीवरील माणसांना चाळीस तासांच्या पुढे जाते. एका गाडीवर मिक्सर सांभाळणारा मुख्य इसम, वायरमन, जनरेटर पाहणारा, दोन-तीन हेल्पर आणि चालक अशी सहा-आठ माणसे सहज असतात. बहुतेक वयाने विशी-पंचविशीतली, आणि पुष्कळशी खेड्यापाड्यांतून हंगामापुरती आलेली.

त्यांचे जेवण कसे होते, हे या व्यवसायातील तरुणांशी थोडे ममतेने बोलले की कळते. निघण्यापूर्वी जे मिळेल ते भरपूर खाऊन घ्यायचे, हा त्यांचा पहिला नियम. दुसरा नियम असा, की मिक्सरपाशी बसलेल्याने जागा सोडायची नाही. कारण तो उठला की उत्साहाच्या भरात कोणीतरी गाडीवर चढतो, बटणे फिरवतो, आणि लाखांच्या यंत्राची राख होते. त्यामुळे त्याला जे खायचे ते बसल्या जागी, एका हाताने, कर्कश आवाजात आणि जनरेटरच्या धुरात खावे लागते. केळी, बिस्किटे, वडापाव आणि चहा हे त्याचे चार आधार. पाणी तो मुद्दाम कमी पितो, कारण गर्दीतून वाट काढून लघुशंकेस जाणे अर्ध्या तासाचे काम असते आणि तेवढा वेळ त्याला नाही. भाद्रपदाचे दमट ऊन, मागे तापलेली मशिने आणि वर पाणीही बेताचेच. मग संध्याकाळी एखाद्याला भोवळ आली तर लोक म्हणतात, काहीतरी घेतला असेल. काही जण घेतातही. परंतु रिकाम्या पोटी आणि जागरणाने झालेल्या प्रत्येक भोवळीवर तोच शिक्का मारणे हा अन्याय आहे.

मंडळे जेवण देत नाहीत, असे म्हणणे खरे होणार नाही. पुष्कळ मंडळे दुपारी पुलाव किंवा खिचडीची पाकिटे वाटतात. अडचण अशी, की ती पाकिटे कार्यकर्त्यांच्या संख्येवर मोजलेली असतात. ज्याच्या अंगात मंडळाचा सदरा किंवा गळ्यात मंडळाचे ओळखपत्र, त्याच्या हाती पाकीट. साउंडवाला त्या गणतीत कोणाचाच नसतो. मंडळ म्हणते, त्याच्या मालकाने त्याची सोय करावी. मालक म्हणतो, ज्यांनी सुपारी दिली त्यांनी करावी. आणि जेव्हा पाकीट मिळते, तेव्हा ते सकाळी अकराला भरलेले आणि दुपारी चार-पाचला गाडीपर्यंत पोचलेले असते. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात तामस आहाराची लक्षणे सांगताना पहिला शब्द येतो तो ‘यातयाम’, म्हणजे शिजवून प्रहर उलटून गेलेले अन्न. आजचे अन्नशास्त्र तेच आपल्या भाषेत सांगते : शिजविलेले अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर गरम ठेवावे किंवा ५ अंशांच्या खाली थंड ठेवावे, मधल्या उष्णतेत जंतू झपाट्याने वाढतात. शिजलेला भात तर याबाबतीत विशेष नाजूक. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून पाच तास उन्हात फिरलेला पुलाव हा आपण ज्याला प्रसाद म्हणून देतो, त्याला प्रत्यक्षात काय देतो याचा विचार झाला पाहिजे.

येथे ‘सुपारी’ या शब्दावर क्षणभर थांबावेसे वाटते. डीजे असो, बँड असो, तमाशाचा फड असो, काम ठरविण्याला आपल्याकडे सुपारी देणे म्हणतात. हल्ली वाईट कामांच्या संगतीने हा शब्द बदनाम झाला. परंतु मूळचा तो मंगल आहे. विडा-सुपारी देऊन बोलावलेला मनुष्य निव्वळ मजूर राहत नाही, तो निमंत्रित होतो. जत्रेला आलेल्या फडास किंवा वाजंत्र्यांस गावाने शिधा देण्याची रीत या भावनेतूनच आली. मजुरी निराळी ठरे, आणि पीठ, डाळ, तांदूळ, गूळ निराळे पोचते होत. अर्थात जुने सारे सोन्याचे होते असे भासविण्यात अर्थ नाही. लग्नाच्या पंगतीत वाजंत्री शेवटच्या पंगतीला, आणि कित्येक घरी मांडवाबाहेर बसत, हे आमच्या पिढीने डोळ्यांनी पाहिले आहे. जातीने आखलेली ती रेघ आता कोणी उघडपणे आखणार नाही. पण ‘आपले’ आणि ‘बोलावलेले’ अशी नवी रेघ आपण पाकिटांच्या मोजणीत आखली आहे, आणि तिचा बोभाटा होत नाही एवढेच.

धर्मशास्त्र या बाबतीत आश्चर्य वाटावे इतके स्पष्ट आहे. आपस्तंब धर्मसूत्रात गृहस्थाच्या अन्नदानाचा विचार करताना सूत्रकार सांगतात, की अन्न कमी पडले तर माणसाने स्वतःची, पत्नीची, पुत्राची उपेक्षा खुशाल करावी, पण आपले काम करणाऱ्या सेवकाची कदापि करू नये. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायातही दांपत्याने अतिथी आणि पदरचे सेवक जेवल्यानंतर उरलेले अन्न खावे, असा क्रम दिलेला आहे. मनुस्मृतीतील कित्येक गोष्टी आज त्याज्य आहेत हे उघड आहे. तथापि हा क्रम त्यांपैकी नव्हे. तैत्तिरीय उपनिषदात भृगूला ब्रह्माचा पहिला बोध झाला तो अन्नाच्या रूपाने, आणि त्याच वल्लीत दाराशी आलेल्या कोणालाही परत न पाठविण्याचे व्रत सांगितले आहे. कीर्तनात आम्ही हे सारे पूर्वरंगात रंगवून सांगतो. श्रोते माना डोलावतात. आणि मांडवाच्या मागे वायर गुंडाळणारा मुलगा तसाच उपाशी असतो.

आता थोडे मूळ कारणाकडे येऊ. आमच्या मते हा प्रश्न केवळ कंजूषपणाचा नाही, तो मिरवणुकीच्या रचनेचा आहे. आळंदीहून पंढरपूरला निघणाऱ्या माउलींच्या पालखीकडे पाहावे. लाखोंचा समुदाय आणि अडीच-तीन आठवड्यांचा प्रवास. तरीही टाळकरी, मृदंगवादक, विणेकरी उपाशी राहत नाहीत. याचे कारण एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी लावून दिलेल्या शिस्तीत आहे. सकाळची न्याहारी कोठे, दुपारचा नैवेद्य आणि विसावा कोठे, मुक्काम कोठे, हे ठरलेले असते. दिंडीची स्वयंपाकाची गाडी पुढे जाऊन थांबते आणि दिंडी पोचेपर्यंत अन्न तयार असते. देवाला नैवेद्य दाखवायचा म्हणून सोहळा थांबतो, आणि देव थांबला म्हणून माणूस जेवतो. विसावा हा तेथे सोहळ्याचेच अंग आहे.

विसर्जनाच्या मिरवणुकीत मात्र थांबणे म्हणजे मागे पडणे. रांगेत जागा गेली तर पुन्हा मिळत नाही, मागच्या मंडळाशी बाचाबाची होते, पोलीस पुढे सरकण्याचा तगादा लावतात. गंमत अशी, की एवढी घाई असूनही मिरवणूक तासन्‌तास जागच्या जागी उभी असते. पण ते थांबणे कोणी ठरविलेले नसते, म्हणून त्याचा उपयोग जेवणासाठी होत नाही. पुढचे मंडळ केव्हा सरकेल याचा नेम नाही, म्हणून गाडी सोडायची नाही. कारखान्यातील कामगारासाठी १९४८ च्या कायद्यानेच सलग पाच तासांच्या कामानंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती लिहून ठेवली होती. देवाच्या कामाला तेवढीही लिहिलेली नाही.

एकच ठरलेला विराम आहे, आणि तो धर्माने नव्हे, कायद्याने दिलेला आहे. मध्यरात्री बारा वाजता ध्वनिवर्धक बंद होतात आणि सकाळी सहापर्यंत बंदच राहतात. कार्यकर्ते घरी जातात, कोणी कट्ट्यावर आडवे होतात. साउंडवाला मात्र गाडीवरच राहतो, कारण यंत्रे राखायची असतात. हे सहा तास म्हणजे त्याच्या जेवणाचा खरा अवकाश. परंतु त्या वेळी मंडळाचे स्वयंपाकघर थंड पडलेले असते, वडापावच्या गाड्यांवर झुंबड असते, आणि ज्यांनी सुपारी दिली ते झोपलेले असतात. रात्री बारा ते एक या वेळेत मंडळाने गरम वरण-भात किंवा पिठले-भाकरी प्रत्येक गाडीपर्यंत पोचविली, तर निम्मा प्रश्न सुटेल. बंदोबस्तावरील पोलिसांसाठी अन्न वाटणाऱ्या सेवाभावी मंडळींनीही त्याच फेरीत चार ताटे गाड्यांकडे वळवावीत.

परदेशातील रीत येथे सांगण्याजोगी आहे. अमेरिकेत लग्नसमारंभांत संगीत लावणारे फिरते डिस्क जॉकी करारपत्रातच जेवणाचे कलम घालतात. पाहुण्यांचे जेवण चालू असताना मंद संगीत आणि घोषणा त्यांच्याकडेच असतात, म्हणून ताट केव्हा मिळावे हा मुद्दा आधी बोलून घेतला जातो. तेथेही पुष्कळदा पाहुण्यांच्या मेजवानीऐवजी साधे पाकीटच हाती पडते, असे नाही की तेथे सारे आलबेल आहे. पण गोष्ट कागदावर येते. आपल्याकडे सुपारीच्या चिठ्ठीवर बयाण्याची रक्कम, गाडीचे भाडे, बेस किती, टॉप किती, हे सारे लिहिलेले असते. त्याच चिठ्ठीवर ‘सहा माणसांची तीन वेळची जेवणे मंडळाकडे’ ही एक ओळ वाढविण्यास शाई कितीशी लागते?

घरोघरच्या गृहिणींकडे वळल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. विसर्जनाच्या दिवशी उत्तरपूजा झाली की आपण गणरायाच्या हातावर दही घालतो आणि वाटेसाठी दहीपोह्यांची शिदोरी बांधून देतो. देवाला भूक नाही हे आपल्याला ठाऊक असते, तरी प्रवासाला निघालेल्याला रिकाम्या हाताने पाठवू नये हा संस्कार आपण मुलांसमोर करून दाखवितो. त्याच स्वयंपाकघरात त्याच सकाळी दहा दशम्या अधिक लाटता येतात. दशमी ही मुळातच प्रवासाची. पाण्याऐवजी दुधात कणीक भिजविलेली, म्हणून सोवळ्याओवळ्याचा जाच नसलेली आणि दिवसभर टिकणारी. सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि गुळाचा खडा. हे एका हाताने खाता येते, उन्हात नासत नाही आणि पोटाला धरून राहते. दहीभात मात्र बाहेर पाठवू नये. उन्हात तो लवकर आंबतो.

मिरवणुकीच्या मार्गावर ज्यांची घरे आहेत त्यांनी आणखी एक गोष्ट करावी, आणि ती अन्नापेक्षाही निकडीची आहे. वाड्याचे किंवा सोसायटीचे खालचे न्हाणीघर त्या रात्रीपुरते गाडीवरील माणसांसाठी उघडे ठेवावे आणि तेथे पाण्याचा एक पिंप भरून ठेवावा. वाट मोकळी आहे हे कळले, की तो मुलगा पाणी पिण्यास भिणार नाही. आवाज कमी कर, असे त्याला सांगायचे असेल, तर तेही तेथेच, पाण्याचा तांब्या हाती देताना सांगता येईल.