आधी गेम खेळा, मग मार्क द्या

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला गेम हा प्रोजेक्ट घेणारे ग्रुप आता नवलाचे राहिलेले नाहीत. युनिटी किंवा गोडोसारखं गेम बनवायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि मुलांकडे उत्साह भरपूर असतो. सिनॉप्सिसमध्ये किल्ला, मोकळं फिरायला अख्खा मुलूख, मल्टिप्लेअर असं सगळं येतं. सबमिशनच्या आठवड्यात मात्र हाती असते एक अर्धवट लेव्हल. यात मी मुलांना दोष देत नाही. गेममधून काय काढून टाकायचं, हे त्यांना कुणी शिकवलेलंच नसतं.

अमेरिकेतल्या रेडमंडच्या डिजिपेन या संस्थेत पहिल्या वर्षापासून मुलांना गटाने गेम करावा लागतो. तिथल्या विद्यार्थ्यांनी 2005 मध्ये ‘नारबॅक्युलर ड्रॉप’ केला. गोष्ट साधीच: राक्षसाने तळघरात कोंडलेली राजकन्या. खेळणाऱ्याला दोन दारं उघडता येतात. एका दारातून आत शिरलं की दुसऱ्यातून बाहेर. ती उडी मारू शकत नाही, तिचं नावच ‘नो-नीज’, म्हणजे गुडघे नसलेली. उडी नाही म्हटल्यावर प्रत्येक अडचणीतून वाट काढायची ती दारांनीच. शस्त्रांचा ढीग नाही, लांबलचक कथा नाही. ही एक कल्पना त्या मुलांनी शेवटपर्यंत धरून ठेवली, हेच मला त्यांचं खरं कर्तृत्व वाटतं. कॉलेजच्या जॉब फेअरमध्ये व्हॉल्व्ह कंपनीच्या रॉबिन वॉकर यांनी तो गेम पाहिला. पुढे कंपनीचे प्रमुख गेब न्यूवेल यांनी अख्ख्या टीमलाच नोकरी दिली. त्याच दारांवर बेतलेला ‘पोर्टल’ 2007 मध्ये आला.

अशी काटछाट कागदावर सोपी दिसते, टीममध्ये फार जड जाते. एखादीने महिनाभर रात्री जागून राक्षसाचं ॲनिमेशन केलेलं असतं आणि खेळून पाहिल्यावर कळतं, की राक्षसाची गरजच नाही. हे तिला सांगायचं कुणी? आपल्याकडे बहुधा कुणीच सांगत नाही. मैत्री राखायची म्हणून राक्षस राहतो, आणि तो चालवण्याचं ओझं ग्रुपमधल्या एकट्या कोडिंग येणाऱ्यावर पडतं. यावर मला एकच उपाय पटतो: निर्णय मित्रांवर न सोपवता खेळणाऱ्यावर सोपवायचा. दर आठवड्याला दुसऱ्या ब्रांचचं कुणीतरी बसवा, त्याला काहीही समजावू नका आणि तो कुठे अडतो ते मागे उभं राहून बघा. ओठांवर आलेलं स्पष्टीकरण गिळणं कठीण असतं, पण त्या दहा मिनिटांत जे कळतं ते ग्रुपच्या कुठल्याच मीटिंगमध्ये कळत नाही.

हे सगळं व्हायचं तर प्रोजेक्ट गाइडनेही गेम गंभीरपणे घ्यायला हवा. गेम म्हणजे पोरखेळ, असं मानणाऱ्या गाइडना पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ दाखवावा. 2020 मध्ये आलेला हा गेम इथल्याच माणसांनी केला आहे.

आपल्या परीक्षापद्धतीत वजन असतं ते ब्लॅक बुकला, म्हणजे प्रोजेक्टच्या छापील अहवालाला. तिची पानं, आकृत्या, बाइंडिंग सगळं तपासलं जातं, आणि गेम मात्र व्हायव्हात दोन मिनिटं लांबून दाखवला जातो. माझी विद्यापीठांकडे मागणी आहे, की एक्स्टर्नलने, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकाने, आधी स्वतः गेम खेळावा. ग्रुपने कोणत्या गोष्टी काढून टाकल्या आणि कुणाला खेळताना पाहून काढल्या, हे विचारावं आणि त्याला वेगळे मार्क ठेवावेत. ब्लॅक बुक त्यानंतर उघडावी.