फिल्टरमध्ये काय टाकू?

पाऊस सुरू झाला की अलिबाग-मुरुड पट्ट्यातल्या प्रवाळ पाळणाऱ्या मंडळींचा एकच प्रश्न असतो: काचेवर शेवाळ आलंय, पाणी पिवळट दिसतंय, फिल्टरमध्ये काय टाकू? माझं उत्तर दरवर्षी तेच. आधी पाणी तपासा.

‘अमोनिया शोषणारे’ म्हणून मिळणाऱ्या पांढऱ्या खड्यांचंच उदाहरण घ्या. ते बहुधा झिओलाइट असतात. गोड्या पाण्यात छान काम करतात. पण अमोनियाने भरले की ते मोकळे करायला मिठाच्या पाण्यातच भिजत घालतात, कारण सोडियम अमोनियमला हुसकावून त्याची जागा घेतो. गोल्डफिशच्या टाकीतले वापरलेले खडे प्रवाळाच्या टाकीत टाकले, तर तिथे काय सुटेल ते सांगायला नको.

गंजाच्या रंगाचं दाणेदार फेरिक ऑक्साइड फॉस्फेट ओढून घेतं आणि शेवाळाची उपासमार होते. प्रवाळाच्या पेशींत राहणाऱ्या शैवालाचीही होते, हे मात्र विसरलं जातं. नायट्रेट भरपूर आणि फॉस्फेट संपलेलं, अशा पाण्यात प्रवाळ उष्णतेने व प्रकाशाने लवकर पांढरे पडतात, असं साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवलं. म्हणून पाकिटावरच्या मात्रेच्या पाव भागाने सुरुवात करा. कोळशाचंही तसंच: पिवळेपणा एकदम गेला की दिव्याचा उजेड एकदम वाढतो, तेव्हा दिवा आधी मंद करा. आणि दोन्ही माध्यमं भुकटी जाईपर्यंत धुवा.

आपल्याकडचा खरा धोका वेगळाच आहे. तो म्हणजे वीज जाणं. 3 जून 2020 ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ आलं तेव्हा रायगडच्या कित्येक गावांत दिवसेंदिवस दिवे नव्हते. पंप थांबला की फिल्टरच्या बंद डब्यातले जीवाणू ऑक्सिजन संपवतात, मग सडक्या अंड्यासारखा वास येतो. तो हायड्रोजन सल्फाइड, विषच. वीज आल्यावर पंप तसाच सुरू केला तर ते सगळं टाकीत जातं. डबा उघडा, पाणी मोरीत ओता, माध्यम बदला, मग बटण दाबा.

(आपल्या समुद्रातले दगडी प्रवाळ 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. खडकावरून तोडून आणलेल्या तुकड्याबद्दल मला विचारू नये.)

या पावसाळ्यात खरेदी करायचीच असेल तर फॉस्फेटचं टेस्ट किट आधी घ्या. आणि ज्या पिशवीवर आतल्या पदार्थाचं नाव छापलेलं नाही, ती दुकानदाराला परत करा.