विद्यार्थिनी गेली कुठे?

परदेशी शिकायला गेलेल्या माणसाच्या आठवणी आपण वाचतो त्या तो काय जेवला, थंडीत किती कुडकुडला आणि घरच्या आठवणीने कसा व्याकूळ झाला हे कळावे म्हणून. तो काय शिकला, हा प्रश्न मराठी समीक्षेला सहसा पडत नाही. या अनास्थेचा सर्वांत ठळक बळी म्हणजे आनंदीबाई जोशी.

७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीत बसलेली ही अठरा वर्षांची मुलगी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात शिकली आणि मार्च १८८६ मध्ये एम. डी. झाली. वर्गात मात्र काय सांगितले जाते? गोपाळरावांचा विक्षिप्तपणा, लुगडे, शाकाहार, क्षय, अकाली मृत्यू. श्री. ज. जोशी यांच्या 'आनंदी गोपाळ'ला (१९६८) बोल लावण्यात अर्थ नाही. ती एका दांपत्याची कादंबरी आहे आणि शीर्षकातच तसे सांगते. बोल लावायचा तो तिलाच चरित्र मानून शिकवणाऱ्यांना. अंजली कीर्तने यांचे संशोधनपर चरित्र १९९७ पासून उपलब्ध असताना!

प्रस्थानापूर्वी, २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, श्रीरामपूर येथे आनंदीबाईंनी इंग्रजीतून जाहीर भाषण केले. अमेरिकेलाच का? इथे शिकण्याची सोय नाही का? एकट्याच का? जातीबाहेर टाकले तर? लोकांचे असे आक्षेप त्यांनी एकेक करून पुढे घेतले आणि उत्तरे दिली. हा युक्तिवाद आहे, अश्रुपात नव्हे. वैचारिक गद्याची बांधणी शिकवायला याहून चांगला पाठ कोणता हवा? पण तो इंग्रजीत, म्हणून मराठीच्या वर्गाबाहेर. आणि इंग्रजीच्या वर्गाला आनंदीबाईंशी काय देणेघेणे?

त्यांच्या प्रबंधाचे तर नावही काढले जात नाही. विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेले, ही हकीकत सर्वांना पाठ असते; त्याच बाईने पुढे प्रसूतिविद्येवर लिहिले, हे फार थोड्यांना ठाऊक. परदेशी प्राध्यापकांपुढे आपल्या परंपरेतील वैद्यक मांडताना या विद्यार्थिनीने काय निवडले असेल, काय वगळले असेल? साहित्याच्या अभ्यासकाला खरे तर हेच प्रश्न पडायला हवेत.

अभ्यासाचा तपशील रुक्ष असतो, वाचक कंटाळतो, असे यावर सांगितले जाते. मग धर्मानंद कोसंबींचे 'निवेदन' (१९२४) कसे वाचवते? तिथेही पोटाचे हाल आहेत, पण ते विद्येच्या मागून येतात. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात पाली शिकायला मिळणे, हीच त्या कथानकातली मोठी घटना ठरते.

आनंदीबाईंचे १८८५ सालचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. सोबत जपानच्या केइ ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली. तिघी आपापल्या देशी वेशात. त्याखाली आपण साडीविषयी लिहितो. शेजारच्या दोघी त्यांच्या सहाध्यायिनी होत्या, पुढे त्यांनीही वैद्यकीची पदवी घेतली आणि ओकामी जपानला परतून डॉक्टर म्हणून काम करू लागल्या, हे मात्र त्या ओळीत मावत नाही.