अल्कट्राझचं पाणी आणि आपल्या मुली

सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत पोहण्याचा विषय निघाला की गाडी हमखास अल्कट्राझच्या तुरुंगावर जाते. १९३४ ते १९६३ या काळात तिथे अमेरिकेतले सर्वांत अवघड कैदी ठेवले जात. किनारा जेमतेम दोन किलोमीटरवर, तरी पोहून कुणी सुटू शकत नाही असा दरारा. जून १९६२मध्ये फ्रँक मॉरिस आणि दोघे अँग्लिन बंधू रेनकोट जोडून केलेल्या तराफ्यावरून निघाले ते पुन्हा दिसलेच नाहीत. त्याच वर्षी डिसेंबरात जॉन पॉल स्कॉट हा कैदी खरोखर पोहत किनाऱ्याला लागला, पण गोल्डन गेट पुलाजवळच्या खडकांवर, गारठून अर्धमेल्या अवस्थेत.

सिनेमेही निघाले ते कैद्यांवर. मला मात्र या पाण्यातली सर्वांत मोलाची गोष्ट एका मुलीची वाटते. तुरुंग सुरू होण्याआधी, ऑक्टोबर १९३३मध्ये, अल्कट्राझवर नेमणुकीला असलेल्या एका लष्करी सार्जंटची सतरा वर्षांची मुलगी, अ‍ॅनास्तेशिया स्कॉट, बेटावरून शहराच्या किनाऱ्यापर्यंत पोहून गेली. ४३ मिनिटांत. दांडग्या कैद्यांना अशक्य म्हणून जे पाणी पुढे जगभर गाजलं, ते शाळकरी वयाच्या पोरीने आधीच ओलांडलं होतं.

तिने हे कसं केलं? ताकदीपेक्षा माहितीवर. या खाडीत तीन गोष्टी माणसाला मारतात. पहिली थंडी. हिवाळ्यात पाणी दहा अंशांच्या आसपास असतं आणि भर उन्हाळ्यातही सोळा-सतराच्या वर फारसं जात नाही. आपल्या मुंबईचा समुद्र जानेवारीतही याहून कितीतरी उबदार असतो. इतक्या थंड पाण्यात उतरताच छातीत एकदम श्वास ओढला जातो. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर चांगला पोहणाराही बुडतो. पहिलं मिनिट-दोन मिनिटं श्वास ताब्यात ठेवले की मग हातपाय चालवायला अवधी मिळतो. याची सवय करता येते, रोज थोडं थोडं उतरून. दुसरी गोष्ट ओहोटी. कॅलिफोर्नियाच्या दोन मोठ्या नद्या आणि अख्ख्या खाडीचं पाणी गोल्डन गेटच्या अरुंद तोंडातून समुद्रात जातं आणि जोराच्या ओहोटीला त्याचा वेग ताशी आठ-नऊ किलोमीटर होतो. माणूस पोहतो ताशी तीन-चारने. म्हणजे हिशेब साफ आहे. भरती-ओहोटीचं कोष्टक न पाहता निघालात तर प्रशांत महासागरात पोहोचाल. म्हणून तिथले जाणते पोहणारे पाणी स्थिरावण्याची घटका धरतात आणि नाकासमोर न जाता प्रवाह कुठे नेणार त्याचा अंदाज बांधून तिरके निघतात. तिसरी गोष्ट जहाजं. ओकलंड बंदराकडे जाणारं कंटेनरचं जहाज एका डोक्यासाठी थांबू शकत नाही, वळूही शकत नाही. मधे फेऱ्या, शिडाच्या होड्या. म्हणून मोठ्या पल्ल्याला सोबत होडी, डोक्यावर भडक रंगाची टोपी.

या तिन्ही गोष्टी शिकता येतात. त्यासाठी त्या किनाऱ्यावर दीडशे वर्षांपासून क्लब आहेत: साउथ एंड १८७३चा, डॉल्फिन १८७७चा. तिथे शेजारी पोहणाऱ्याकडून शिकायचं, एकट्याने पुढे जायचं नाही, बाहेर आलं की शेकायचं. फक्त एक अडचण होती. अ‍ॅनास्तेशिया पोहून गेली त्यानंतरही चाळीसहून अधिक वर्षं या क्लबांमध्ये बायकांना सभासदत्व नव्हतं. १९७०च्या दशकात बायकांनी भांडून दारं उघडायला लावली. ती जागा शहराच्या मालकीची होती, आणि सार्वजनिक जागेवर अर्ध्या शहराला मज्जाव कसा, हा प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हता. नैतिकतेच्या, संकोचाच्या, ‘व्यवस्थाच नाही’च्या सबबी तिथेही होत्याच. पश्चिमेत बायका आपोआप पाण्यात होत्या असं समजणाऱ्या आपल्याकडच्या सुधारकांनी आणि परंपरावाद्यांनी, दोघांनीही, ही तारीख लक्षात ठेवावी.

आता कपड्यांकडे येतो, कारण आपल्याकडे पोहण्याची चर्चा तिथेच सुरू होते आणि तिथेच संपते. नखशिखांत झाकणारा पोहण्याचा पोशाख, म्हणजे वेटसूट, याच खाडीच्या काठावर घडला. बर्कली विद्यापीठातल्या ह्यू ब्रॅडनर या भौतिकशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला निओप्रीन रबराचा सूट तयार केला आणि जॅक ओनीलने सॅन फ्रान्सिस्कोत दुकान थाटून तो लाटांवर खेळणाऱ्यांपर्यंत पोहोचवला. वर टोपडं, हातमोजे, पायमोजे चढवले की फक्त चेहरा दिसतो. कुणाची भावना दुखावत नाही. पन्नास वर्षांनी, २००४मध्ये, सिडनीच्या अहेदा झनेट्टी या लेबनीज वंशाच्या बाईंनी हलक्या कापडाचा तसाच पोशाख शिवला, त्याला बुर्किनी म्हटलं, आणि २०१६च्या उन्हाळ्यात फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या कितीतरी गावांनी त्यावर बंदी घातली! अखेर तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाला व्हिलनव्ह-लुबे या गावाची बंदी स्थगित करावी लागली. थंडीसाठी अंग झाकलं तर खेळ, हयेसाठी झाकलं तर धोका. यात तर्क कुठला?

पण बंदी घालणाऱ्यांवर चिडून भागत नाही. बुर्किनीच्या बाजूने समाजमाध्यमांवर तलवार उपसणाऱ्या आपल्यातल्या किती भावांनी बहिणीला, मुलीला पाण्यात उतरवलं आहे? पोहणं हराम आहे असं कुठला आलिम म्हणत नाही. मुलांना पोहायला शिकवा, असं हजरत उमर यांच्या नावाने सांगितलं जाणारं वचन तर जुम्याच्या बयानात कितीदा येतं. ऐकणारे त्यातल्या ‘मुलां’चा अर्थ मुलगे असा लावतात आणि घरी जातात. कोकणातल्या ज्या मुस्लिम घरांतले पुरुष पिढ्यानपिढ्या जहाजांवर खलाशी म्हणून गेले, ज्या किनाऱ्यावर जंजिऱ्याच्या सिद्दींचं आरमार होतं, तिथल्याही घराघरांत पोहता न येणाऱ्या बायका आहेत. समुद्र अंगणाला लागून, आणि त्याची ओळख दुरून.

याची किंमत कागदावरची नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले कॉलेजचे १४ विद्यार्थी बुडाले. त्यांत मुली जास्त होत्या. पोहता आलं असतं तर सगळे वाचले असते असा दावा मी करणार नाही. ओहोटीच्या ओढीत पट्टीचे पोहणारेही जातात. पण ओहोटी म्हणजे काय, ती लागली की कुठपर्यंत जायचं नाही, ओढ लागली तर किनाऱ्याकडे झगडायचं की तरंगत राहून हाक मारायची, हे ज्ञान पाण्यात उतरलेल्या माणसाकडेच असतं. ते व्हॉट्सअ‍ॅपवर येत नाही.

अडथळे खरे आहेत, ते मी नाकारत नाही. आमच्याकडच्या पालिकेच्या तलावावर बायकांसाठी दुपारचा एक तास आहे, तोही शाळेच्या वेळेत. पूर्ण बाह्यांचा सूट घालून आलेल्या मुलीला ‘नियमात बसत नाही’ म्हणून परत पाठवतात. सुती कपडे पाण्यात जड होतात, धागे सुटून गाळणी तुंबते, म्हणून ते नकोत, हे बरोबर. लायक्राच्या पूर्ण सुटाला मात्र तोच नियम लावणं हा आडमुठेपणा आहे आणि त्याविरुद्ध लेखी अर्ज करता येतो. मोहल्ल्यातल्या दहा आयांनी एकत्र सही केली तर तो टोपलीत टाकणं अवघड जातं. शिकवणारी बाई मिळत नाही, ही तक्रारही खरी. मग जमातीच्या शादीखान्याच्या रंगरंगोटीतून थोडे पैसे वाचवून दोन मुलींना प्रशिक्षक आणि जीवरक्षक होण्याचा कोर्स करू द्या. पुढच्या उन्हाळ्यात त्या वीस जणींना शिकवतील. तलाव सकाळी सहाला भाड्याने मिळतो का, हे विचारायला या आठवड्यातच कुणीतरी पालिकेत जाऊ शकतं.